पोळ्या लाटून मांड्या बळकट होत नाहीत, आत्या

आमच्या घरच्या ग्रुपवर परवा आत्याने तो निरोप टाकला. तुमच्याकडेही आला असेलच, दर चार-सहा महिन्यांनी फिरून येतो. वर पाट्यावर वाटण वाटणाऱ्या नऊवारीतल्या बाईंचं चित्र, आणि खाली मजकूर असा: आपल्या आज्या कधी जिमला गेल्या नाहीत, तरी नव्वदीपर्यंत ठणठणीत राहिल्या. केर काढणं, लादी पुसणं, कणीक मळणं हाच बाईचा व्यायाम. वजनं उचलली की बाई पुरुषी दिसते आणि गर्भाशय खाली सरकतं. पाळीत तर व्यायामाचं नावच नको. आणि ते ‘फक्त महिलांसाठी’वाले आरशांचे स्टुडिओ म्हणजे नवऱ्याच्या पैशाची उधळपट्टी. शेवटी जोडलेले हात आणि ‘दहा मैत्रिणींना पाठवा’.

हा निरोप कुणासाठी होता हे ग्रुपवर सगळ्यांना कळलं. आदल्याच दिवशी मी कर्वेनगरातल्या एका स्टुडिओत ट्रायल क्लास करून आले होते आणि फोनवर बोलताना तोंडातून निघून गेलं होतं.

खाली मेडिकलचं दुकान, वर स्टुडिओ. तळव्याला रबरी ठिपके असलेले मोजे घातल्याशिवाय आत सोडत नाहीत. नसतील तर तिथेच साडेतीनशेला मिळतात. एका भिंतीला आरसा, दुसरीला कमरेइतक्या उंचीवर लाकडी दांडी. बॅले नाचणारे सराव करताना धरतात तीच ही दांडी, आणि तिच्यावरूनच या प्रकाराला ‘बार’ म्हणतात. (यावर नवऱ्याने केलेले विनोद इथे देत नाही.) लोटे बर्क नावाच्या जर्मनीतून आलेल्या नर्तकीने १९५९ साली लंडनमध्ये याचा पहिला स्टुडिओ काढला. टाचा उचलायच्या, गुडघे वाकवायचे आणि तसंच राहून इंचभर वर, इंचभर खाली. विसाव्या वेळेला माझ्या मांड्या शिलाई मशीनच्या सुईसारख्या चालायला लागल्या. शेजारी साठीच्या एक बाई होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, “पहिल्यांदा ना? श्वास सोडा.”

असो. आता निरोप.

‘आज्या नव्वदीपर्यंत ठणठणीत राहिल्या.’ ज्या राहिल्या त्यांचे फोटो भिंतीवर आहेत. ज्या पंचविशीत बाळंतपणात गेल्या त्यांचा पाटा-वरवंटा पुढे दुसरीने वापरला, त्यांच्यावर कुणी निरोप लिहीत नाही. १९५१च्या सुमारास भारतातलं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. लहान मुलं फार दगावत, म्हणून तो आकडा इतका खाली दिसतो हे मान्य. पण नव्वदी ही तेव्हाची रीत नव्हती एवढं तरी त्यातून कळतं.

माझी स्वतःची आजी ८४ वर्षं जगली. विहिरीचं पाणी ओढलेलं, जात्यावर दळलेलं. तिच्या मनगटात जोर होता, ते नाकारत नाही. पण शेवटची दहा-बारा वर्षं ती कमरेतून काटकोनात वाकलेली होती. तुळशीला प्रदक्षिणा घालताना तिला तुळस दिसायची नाही, वृंदावनाचा पाया दिसायचा. त्याला आम्ही वय म्हणायचो. मणके ठिसूळ होऊन खचतात तेव्हा पाठ अशी वाकते, हे मला फार उशिरा कळलं. आणि विहीर, जातं हे सगळं गेलंच की. निरोप पाठवणाऱ्या आत्याकडे मिक्सर, वॉशिंग मशीन आणि केर-फरशीला बाई आहे.

‘घरकाम हाच व्यायाम.’ इथे जरा थांबते, कारण हे अर्धं खरं आहे आणि म्हणूनच टिकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांत घरकामाची हालचालही धरतात. लादी पुसताना दम लागत असेल तर ती मध्यम हालचाल झाली. स्वयंपाक, भांडी, कपड्यांच्या घड्या मात्र हलक्या हालचालीतच मोडतात, कितीही वेळ केल्या तरी. दिवसभर पायांवर असणं आणि हृदयाला काम पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग आपण किती करतो? केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळवापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात असं निघालं. पुरुष ८८. म्हणजे निरोपाच्या हिशेबाने भारतातल्या बायका जगात सगळ्यात तंदुरुस्त असायला हव्यात. तिकडे २०२४ मध्येच ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अभ्यासात २०२२ सालचं चित्र असं होतं: पुरेशी हालचाल न होणाऱ्यांचं प्रमाण भारतातल्या पुरुषांत ४२ टक्के, बायकांत ५७ टक्के. आणि त्या मोजणीत घरकाम धरलेलं आहे, वगळलेलं नाही. पाच तास राबूनही आपण नापास, आणि ८८ मिनिटंवाले आपल्या पुढे.

दुसरं म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच सूचनांत आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे. निरोपाला तो ठाऊकच नाही. शरीर मोठं चिकट असतं. जेवढा जोर लागतो तेवढाच शिलकीत ठेवतं. कणीक काल एक किलोची होती, आज एक किलोची, वीस वर्षांनीही तेवढीच असणार. स्नायूला वाढायचं कारणच मिळत नाही. व्यायामात वजन हळूहळू वाढवतात, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना काम देतात, आणि मध्ये विश्रांती असते. विश्रांतीतच स्नायू भरतो. घरकामात ती कुठे असते ते मला दाखवा. मराठीत कष्टाला कसरत म्हणत नाहीत, आणि एरवी आत्याही दोन्हींत गल्लत करत नाही.

कुणी म्हणेल, सिलिंडर? भरलेला घरगुती सिलिंडर जवळजवळ तीस किलोंचा असतो आणि तो आम्हीच सरकवतो. खरंय. दीड महिन्यातून एकदा, कंबर वाकवून, श्वास कोंडून, कुणी न शिकवता. पाठ धरते ती तेव्हाच.

मागच्या रविवारी आत्याकडे गेले होते तेव्हा तिला म्हटलं, एक गंमत करू. हात छातीवर दुमडायचे आणि खुर्चीतून उठायचं-बसायचं, तीस सेकंद. वयस्करांच्या पायांतला जोर बघायची ही चाचणी डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट वापरतात. सत्तरी ओलांडलेल्या बाईला दहा जमायला हवेत. आत्या ७१ची, गेली पन्नास वर्षं पोळ्या लाटतेय, पुरणपोळीत तिचा हात कुणी धरत नाही. सहा झाले. सातव्याला तिने टेबल धरलं आणि म्हणाली, “ही खुर्चीच मेली खोलगट आहे.”

‘वजनं उचलली की बाई पुरुषी दिसते.’ प्रौढ पुरुषाच्या रक्तात बाईच्या साधारण पंधरापट टेस्टोस्टेरॉन असतं. तसे दंड कमवायला पुरुषांनाही वर्षं घालवावी लागतात. चुकून होणारी ती गोष्ट नाही. टोकियोत मीराबाई चानूने एकूण २०२ किलो उचलून रौप्यपदक आणलं, ४९ किलो वजनगटात. तिला उभी बघा, मग बोला.

पण या मुद्द्यावर माझं भांडण आत्याशी कमी आणि स्टुडिओशी जास्त आहे. त्यांच्याही भिंतीवर इंग्रजीतून तेच लिहिलंय: स्नायू लांब आणि सडपातळ होतील, फुगणार नाहीत. स्नायू लांब वगैरे होत नसतो; त्याची दोन टोकं हाडाला जिथे चिकटली आहेत तिथेच राहतात. आणि हातात दिली ती गुलाबी डंबेल्स, एकेक किलोची. मी दर महिन्याला दहा किलो आट्याची पिशवी एका खांद्यावर टाकून दोन मजले चढते, आणि इथे मला ताकद कमवायला एक किलो? मांड्या थरथरल्या म्हणजे जोर वाढला असंही नाही. ते थकव्याचं लक्षण आहे, आणि दुसऱ्या दिवशीचं दुखणं नवेपणाचं. निरोप म्हणतो उचलू नका, स्टुडिओ म्हणतो या पण जड उचलू नका. दोघांनाही बाई फुलासारखीच हवी आहे.

ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाच्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. ५८च्या पुढच्या, पाळी थांबलेल्या, हाडं विरळ झालेल्या १०१ बायका. निम्म्यांना आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, प्रशिक्षकाच्या नजरेखाली खरोखरची जड वजनं उचलायला लावली. बाकीच्यांनी घरी हलका व्यायाम केला. आठ महिन्यांनी पहिल्या गटाच्या कंबरेच्या मणक्यांची घनता जवळजवळ तीन टक्क्यांनी वाढली होती आणि दुसऱ्या गटाची टक्काभर घटली होती. वृंदावनाचा पाया बघत फिरणारी माझी आजी तेव्हापासून डोळ्यांसमोरून हलत नाही. अर्थात आपलं आपण हे करायला जाऊ नका. हाडांची तपासणी आणि शिकवणारं माणूस, दोन्ही लागतं.

‘गर्भाशय खाली सरकतं.’ हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नये. अंग बाहेर येणं ही खरी तक्रार आहे आणि आपल्याकडे बायका ती वर्षानुवर्षं लपवतात. वर्षानुवर्षं जड ओझी वाहणं हे तिच्या कारणांत आहे, मान्य. पण त्या यादीत आधी येतात बाळंतपणं, पाळी गेल्यानंतरचा अशक्तपणा, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ आणि लठ्ठपणा. पाण्याचे हंडे वाहणाऱ्या, बाळंतपणानंतर महिन्याभरात शेतात उभ्या राहणाऱ्या बायकांना तो निरोप का बरं सावध करत नाही?

क्लासच्या शेवटी उड्या होत्या. माझी दोन बाळंतपणं झालीत; तिसऱ्या उडीला जे व्हायचं ते झालं. थेंबभरच, पण कळलं. मी थांबले. ट्रेनर पोरगी पंचविशीची असेल, जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, “ताई, तुम्ही उडी नका मारू, टाच उचला फक्त. इथे निम्म्या जणी तेच करतात.” घरी आल्यावर मी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले, त्यांनी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे व्यायाम १९४८ पासून वैद्यकात आहेत, अर्नोल्ड केगेल या डॉक्टरांच्या नावाने. उपाय व्यायामच निघाला. शिंकेला मांड्या आवळून उभं राहण्यात मी अकरा वर्षं घालवली होती.

‘पाळीत व्यायाम नको.’ नको वाटलं तर करू नका. जमत असेल तर अपाय नाही. उलट नियमित व्यायामाने पाळीतलं दुखणं कमी होण्याची शक्यता आहे, असं या विषयावरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा सांगतो. रक्तस्राव फार असेल किंवा हिमोग्लोबिन कमी असेल तर आधी डॉक्टर. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, असं २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळलं. दमायला होतं ते कधी कधी त्यामुळे.

‘नवऱ्याच्या पैशाची उधळपट्टी.’ पैसे माझे होते. महाग आहे, हे मात्र खरं. ट्रायलचे पाचशे, पुढे बारा क्लासचं पॅकेज ९,६०० रुपयांचं. जिम-योगावरचा जीएसटी २०२५च्या सप्टेंबरात १८वरून ५ टक्क्यांवर आला. फरक कुठे मुरला ते काउंटरवरच्या मुलीला सांगता आलं नाही. ताकद कमवायला या आरशाची गरज नाही, सोसायटीचा जिना आणि आट्याची पिशवी पुरते. बागेतली फुकट ओपन जिमही आहे; आमच्याकडे संध्याकाळी तिच्यावर काका लोक बसून राजकारण बोलतात, सकाळी साडेपाचला गेलात तर मिळते.

आणि ‘फक्त महिलांसाठी’ यात नवीन ते काय? आत्याच्याच मंगळागौरीत पहाटेपर्यंत फुगड्या, झिम्मा, पिंगा चालले होते म्हणे. पदर खोचून, घामाघूम होऊन, पुरुषांना बाहेर घालवून. घरकाम हाच व्यायाम असता तर आज्यांनी रात्र जागवून एवढ्या उड्या कशाला मारल्या असत्या?

पॅकेज मी घेतलं नाही. शनिवारचा एक क्लास सुटे पैसे भरून करते, बाकी दोन दिवस घरी. गेल्या शनिवारी ट्रेनरला विचारलं, दहा किलोचं काही आहे का? ती म्हणाली, “आहे ताई, पण कोणी मागतच नाही.” टॉवेलच्या रॅकखालून तिने एक काळं डंबेल ओढून काढलं, पुसलं. माझे गुडघे बघत समोर उभी राहिली. छातीशी धरून बारा वेळा बसले-उठले. मांड्या अजिबात थरथरल्या नाहीत. तेराव्याला नुसतं उठताच आलं नाही.