गडग्याच्या मापाची गाडी

भावकीत कुणाला सात सीटर घ्यायची लहर आली की मला फोन येतो. मी काही वर्षं एका गॅरेजचे हिशेब लिहिले, एवढ्या भांडवलावर मी 'गाड्यांतला माणूस' झालोय. "तू सांगशील तीच घेऊ," असं म्हणतात. प्रत्यक्षात मुलगी पसंत करून झाल्यावर आत्याला दाखवायला नेतात, तसं मला शोरूमला नेतात. आत्याने फक्त चहा प्यायचा असतो.

आप्पांच्या वेळीही तेच. पैसे मुंबईचा मुलगा देणार, गणपतीला सगळे एकाच गाडीतून येणार, आणि गाडी 'दांडगी' हवी. चिपळूणला शोरूममध्ये गेलो. आप्पा, काकू, मी आणि हापूसची एक रिकामी लाकडी पेटी. पेटीचं पुढे येईलच.

विक्रेता पोरगा चुणचुणीत. त्याने आधी छप्पर उघडून दाखवलं. काकूने वर बघितलं आणि विचारलं, "वर माड असला तर?" पोरगा गप्प. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, उन्हाळ्यात डोक्यावर आग, आणि उरलेल्या दिवसांत सावली बघून गाडी लावावी तर त्या झाडावर कावळ्यांची वस्ती. सनरूफ उघडायला दिवाळी ते शिमगा एवढाच काय तो मुहूर्त, तोही धूळ नसलेल्या रस्त्यावर.

मग आली तिसरी रांग. मधली सीट एका बोटाने दुमडते, असं पोराने दाखवलं. बोट त्याचं होतं. आप्पांनी आधी डोकं आत घातलं, मग पाय आधी घालायला हवा होता हे कळल्यावर डोकं बाहेर काढलं, मग धोतराचा सोगा सीटच्या खटक्यात अडकला. तो सोडवेपर्यंत शोरूममधली दुसरी दोन कुटुंबं आपापल्या गाड्या सोडून आमच्याकडे आली. शेवटी आप्पा आत पोचले. मागच्या चाकांपाशी गाडीचा तळ उंच येतो, त्यामुळे बसणाऱ्याचे गुडघे वर आणि मांड्या अधांतरी. बहुतेक सात सीटरांत हीच गत.

"ऐसपैस आहे," आप्पा दोन गुडघ्यांच्या मधून म्हणाले.

त्यांना बाहेर काढायला माझ्यासकट पोराचा साहेबही लागला. माझा सल्ला विचाराल तर मागे घरातल्या सगळ्यात उंच माणसाला बसवा, आणि अर्धा तास बसवा. दोन मिनिटांत कुणीही ऐसपैसच म्हणतो.

आता पेटी. ब्रोशरात डिकी लिटरमध्ये देतात. आमच्याकडे लिटरने रॉकेल मोजायचे. तिसरी रांग उभी ठेवून मी पेटी मागे ठेवली. उभी मावेना, आडवी ठेवली तर दार लागेना. पेटीतला पेंढा नव्याकोऱ्या कार्पेटवर सांडला तो वेगळाच. "सर, तिसरी रांग पाडली की भरपूर जागा," पोरगा म्हणाला. काकूने विचारलं, "मग माणसं कुठे पाडायची?" मे महिन्यात परतताना आंबे, फणस, सोलं, कुळथाचं पीठ आणि सात माणसं, हे गणित एकाही कंपनीने सोडवलेलं नाही. टपावर कॅरिअर लावा नाहीतर एक जावई कमी करा.

जमिनीपासूनची उंचीही पोराने अभिमानाने सांगितली. ती रिकाम्या गाडीची की भरल्या, हे जरूर विचारावं. सात जण आणि सामान घेऊन गाडी मागून बसते, आणि ओहोटीच्या वेळी धोपाव्याच्या जेटीवर फेरीबोटीत चढताना ते आवाजावरून कळतं. आणखी एक गैरसमज म्हणजे, गाडी धिप्पाड दिसली की ती वाळूतून जाणारच. यातल्या बऱ्याच गाड्यांची फक्त पुढची चाकं ओढतात. कर्दे-मुरुडच्या पुळणीत भरतीच्या तोंडावर रुतलेले पाहुणे ट्रॅक्टरवाल्याशी घासाघीस करताना बघितले, की ही माहिती मनात पक्की बसते.

सुरक्षेचे तारे बघा, हे मी घसा कोरडा करून सांगितलं. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅपची चाचणी आहे, ताशी ६४ किलोमीटरने गाडी अडथळ्यावर आपटून बघतात. आप्पांनी ऐकून घेतलं. "समोरून एसटी आली तर?" याला तारे नाहीत. कराचं सांगितलं. सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या लहान इंजिनाच्या गाडीला १८ टक्के जीएसटी, आणि या धुडाला ४०. "आधी उपकरासकट ५० होता सर, म्हणजे १० वाचले!" पोरगा मध्येच म्हणाला. आप्पांच्या चेहऱ्यावर ते १० टक्के खिशात पडल्याचं समाधान पसरलं.

मी मात्र रुंदीवर अडलो होतो. सफारी १९२२ मिलिमीटर, स्कॉर्पिओ-एन १९१७. आप्पांची पसंती त्याच मापातली. आणि हे माप बाजूचे आरसे सोडून असतं. आप्पांच्या पाणंदीत दोन गडग्यांमध्ये, दोन्हीकडच्या दगडी कुंपणांमध्ये, सहा फूट आठ इंच. म्हणजे आरसे मिटून दोन्हीकडे दोन-दोन इंच, तेही चालकाने श्वास धरला तर. म्हणून टेस्ट ड्राइव्ह हायवेवर न घेता वाडीत घेतली. पोरगा म्हणाला, "चारही बाजूंना कॅमेरे आहेत, सर." होते. पहिल्याच डबक्यात त्यांना लाल माती फासली गेली. मग वाडीने सूत्रं हाती घेतली. पुढून एक जण "ये, ये, ये" आणि मागून दुसरा "थांब, मेल्या, थांब!" दोघांनीही आयुष्यात सायकलपलीकडे काही चालवलेलं नाही. गाडी मध्यावर उभी राहिली. दार उघडायला जागा नव्हती, तेव्हा काकूच्या आग्रहावरून छप्पर उघडलं आणि आम्हाला त्यातून चहा दिला गेला. सनरूफचा हा उपयोग ब्रोशरात नव्हता.

"गडगा एक हात मागे सरकवला तर?" मी विचारलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. तो गडगा आप्पांच्या चुलत्याच्या हिश्श्यातला, सातबाऱ्यावर अर्धी भावकी, आणि दावा आप्पांच्या वडिलांपासून चालू. जांभ्याचा एक चिरा हलला तर दोन वकील गाडी घेतील.

मी स्पष्ट सांगितलं, ही गाडी घेऊ नका. आप्पांनी मान डोलावली आणि खिशातून बुकिंगची पावती काढून दाखवली. आदल्या आठवड्याची.

गाडी आता तिठ्यावर, दुकानाच्या पडवीला लागून उभी असते. आप्पा घरून तिथवर रिक्षाने जातात.