राजीनामा खिशात होता

डिसेंबरचा पहिला आठवडा आला की व्हॉट्सॲपवर तो मेसेज हमखास येतो. पांढऱ्या गणवेशातला जपानी ॲडमिरल आणि खाली एक वाक्य : 'आपण झोपलेल्या राक्षसाला जागं केलंय.' यंदा आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर आला तेव्हा दोघातिघांनी लगेच लिहिलं, 'बिचारा! मनाविरुद्ध करावं लागलं त्याला.' त्या 'बिचारा'वर मला बोलायचंय.

आधी ते वाक्य. तो ॲडमिरल म्हणजे यामामोतो इसोरोकु. ७ डिसेंबर १९४१ ला जपाननं पर्ल हार्बर या हवाई बेटांवरच्या अमेरिकन नौदल तळावर अचानक हल्ला केला, तो त्याच्या योजनेनुसार. तो असं म्हणाल्याचा एकही कागद सापडलेला नाही, ते वाक्य सिनेमातून पसरलं. त्यानं खरोखर जे लिहिलं, ते यापेक्षा कितीतरी जास्त अस्वस्थ करतं.

हा माणूस अमेरिकेला ओळखून होता. हार्वर्डमध्ये शिकला, वॉशिंग्टनच्या वकिलातीत जपानी नौदलाचा प्रतिनिधी म्हणून राहिला, तिथल्या तेलविहिरी त्यानं हिंडून पाहिल्या. १९०५ साली त्सुशिमाच्या लढाईत डाव्या हाताची दोन बोटं गेली, म्हणजे युद्ध काय असतं हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. नौदलाचा उपमंत्री असताना जर्मनीशी युती नको म्हणून तो असा अडून बसला की कडवे राष्ट्रवादी त्याच्या जिवावर उठले. ऑगस्ट १९३९ मध्ये त्याला संयुक्त ताफ्याचा सरसेनापती करून समुद्रावर धाडलं, ते जीव वाचावा म्हणूनसुद्धा, असं सांगतात. १९४० मध्ये युती झालीच. पंतप्रधान कोनोएंनी विचारलं तेव्हा तो स्पष्ट म्हणाला : सहा महिने, फार तर वर्षभर धुमाकूळ घालून दाखवीन, पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मला अजिबात खात्री नाही.

इथपर्यंत मला त्याच्याबद्दल आदरच आहे. जिवावर बेतलेलं असताना खरं बोलणारी माणसं फार थोडी असतात.

पण पुढचं वाचा. ७ जानेवारी १९४१ ला त्यानं नौदलमंत्री ओइकावांना पत्र लिहिलं. लढायचंच ठरलं तर पहिल्याच दिवशी अमेरिकेच्या ताफ्यावर असा घाव घालू की त्या लोकांचं अवसानच गळेल, हा त्याचा सूर. ही योजना त्याच्यावर कुणी लादली नव्हती, ती त्याचीच होती. टोकियोतल्या नौदल मुख्यालयाला तर ती जुगार वाटत होती, आणि ते नको म्हणत होते. मग ऑक्टोबरमध्ये यामामोतोनं आपला अधिकारी कुरोशिमा याला निरोप देऊन पाठवलं : योजना मंजूर झाली नाही तर सरसेनापती राजीनामा देतील. मुख्यालयाचे प्रमुख नागानो नमले.

मी अडकतो ते इथे. राजीनाम्याचं अस्त्र त्याच्याकडे होतं. ते चालतं, हेही त्यानं करून दाखवलं. फक्त ते त्यानं युद्ध थांबवायला वापरलं नाही, हल्ला मंजूर करून घ्यायला वापरलं. आणि त्याच महिन्यात, ११ तारखेला, होरी या जुन्या मित्राला तो लिहितो की माझं स्वतःचं मत एक आणि मी निर्धारानं चालतोय त्याच्या नेमक्या उलट्या वाटेनं; हेच दैव म्हणायचं का? दैव कसलं? सही त्याची स्वतःची होती.

मित्र म्हणतात, त्यानं सोडलं असतं तर दुसऱ्या कुणी केलं असतं. युद्धाचा निर्णय सरकारचा होता, त्यात ऑगस्टपासून अमेरिकेनं तेल तोडलेलं, आणि जपानचं बहुतेक तेल तिकडूनच यायचं. हे सगळं मान्य. युद्ध कदाचित टळलं नसतंच. एकानं भीष्माचार्यांचा दाखला दिला. भीष्म नाइलाजानं कौरवांकडून लढले हे खरं, पण द्यूताचा पट त्यांनी मांडला नव्हता.

मला वाटतं, कामानंच त्याला ओढून नेलं. टॉर्पेडो म्हणजे पाण्याखालून जहाजावर जाऊन फुटणारं अस्त्र. विमानातून सोडलेला टॉर्पेडो आधी खोल बुडी मारतो आणि मग वर येतो. पर्ल हार्बरचं पाणी जेमतेम बारा मीटर, तिथे तो गाळात रुतणार. मग त्याला लाकडी पंख बसवले. कागोशिमाच्या खाडीवर वैमानिक महिनोन् महिने खाली, अगदी खाली उडायचा सराव करत राहिले. एकेक अडचण सुटत गेली. आणि अडचण सुटल्याचा आनंद फार वाईट असतो, कारण त्यात मूळ प्रश्न विसरायला होतं. मी नोकरीत हे अनुभवलंय. ज्या निर्णयाला बैठकीत कडाडून विरोध केला, त्याचाच आराखडा रात्र रात्र जागून चोख करून दिला, आणि तो चोख झाल्याचं समाधानही वाटलं. त्या निर्णयानं काही जणांची कामं गेली. ते समाधान आठवलं की आजही मान खाली जाते.

हल्ल्यात २,४०३ अमेरिकन मेले, त्यातले १,१७७ एकट्या 'ॲरिझोना' या युद्धनौकेवर. अमेरिकेच्या विमानवाहू नौका त्या दिवशी बंदरात नव्हत्याच. तेलाच्या टाक्या शाबूत राहिल्या. वाटाघाटी संपल्याचं जपानचं पत्र वॉशिंग्टनमध्ये पोचलं ते पहिला बॉम्ब पडल्यानंतर जवळजवळ तासाभरानं. आणि अवसान? युद्धात पडावं की नाही यावर कालपर्यंत भांडणाऱ्या त्या देशाच्या संसदेत दुसऱ्या दिवशी युद्धाविरुद्ध एकच मत पडलं. जपानी नौदलात अमेरिकेला सगळ्यात जास्त ओळखणाऱ्यांपैकी एकाचा हा अंदाज होता.

सहा महिन्यांत मिडवे बेटाजवळच्या लढाईत जपानच्या चार विमानवाहू नौका बुडाल्या. १८ एप्रिल १९४३ ला बूगनव्हिल बेटावर अमेरिकन विमानांनी त्याचं विमान पाडलं. त्याच्या दौऱ्याचा सांकेतिक संदेश त्यांनी आधीच फोडला होता.

त्याचं गाव नागाओका. १ ऑगस्ट १९४५ च्या रात्री साडेदहाला तिथे बॉम्बफेक सुरू झाली. सुमारे दीड हजार माणसं गेली, बहुतेक शहर जळालं. आता दर वर्षी त्याच तारखेला, त्याच वेळेला गावकरी आकाशात पांढरी शेवंती फुलवतात, आतषबाजीची. २०१५ च्या १५ ऑगस्टला तीच पांढरी फुलं घेऊन ते पर्ल हार्बरला गेले होते.