‘नाटोनं अमेरिकेसाठी काय केलं?’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

काल रात्री साडेअकराला मावशीचा फोन. “अरे, नाटो मोडली म्हणतात. पोरीला परत बोलावून घेऊ का?” माझी मावसबहीण जर्मनीत आखेनला एमएस करते. मावशीचा आवाज कापत होता, आणि कारण काय, तर सोसायटीच्या ग्रुपवरचा एक फॉरवर्ड. त्यात म्हटलंय: नाटोचा, म्हणजे अमेरिका-युरोपच्या लष्करी युतीचा, सगळा खर्च अमेरिका करते आणि युरोपनं तिची थकबाकी बुडवलीय; अमेरिकेच्या मदतीला आजवर कुणीही धावलं नाही; ट्रम्प यांनी एक सही केली की अमेरिका दुसऱ्या दिवशी बाहेर; मग रशिया थेट बर्लिनला येणार, तेव्हा मुलांना आत्ताच बोलवा. आठवडाभरात हा मजकूर मला चौथ्यांदा आला. आता पुरे.

थकबाकी नावाची गोष्टच नाही. नाटोच्या सामायिक बजेटमध्ये अमेरिकेचा वाटा साधारण 15-16 टक्के, जर्मनीचाही जवळपास तेवढाच. तो गाजलेला 2 टक्क्यांचा आकडा म्हणजे प्रत्येक देशानं जीडीपीतून स्वतःच्याच संरक्षणावर करायचा खर्च. तो अमेरिकेला द्यायचा नसतो. हां, युरोपनं वर्षानुवर्षं हात आखडता घेतला, हे मात्र मान्य करावं लागतं. 2014 मध्ये 2 टक्के गाठणारे देश अमेरिकेसह जेमतेम तीन होते. अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी 2011 मध्येच ब्रुसेल्सला जाऊन यावरून खडसावलं होतं. तक्रार जुनी आणि रास्त आहे.

पण “कुणीही धावलं नाही”? हे वाचून माझं डोकं फिरलं. एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा हल्ला, असं सांगणारं नाटो करारातलं पाचवं कलम 1949 पासून आजवर एकदाच लागू झालं. 12 सप्टेंबर 2001 ला, 9/11 च्या हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी. अमेरिकेसाठी. त्यानंतर ऑक्टोबर 2001 ते मे 2002 अमेरिकेच्या आकाशावर नाटोची सात टेहळणी विमानं पहारा देत होती. 13 देशांचे 830 जण त्या कामावर होते. ही विमानं कुठली? जर्मनीतल्या गाइलनकिर्खन तळावरची. मावशी, तुझ्या लेकीच्या आखेनपासून तो तळ तासाभराच्या आत आहे.

आणि अफगाणिस्तान. डेन्मार्कची लोकसंख्या मुंबईच्या निम्मीही नाही. त्या देशाचे 43 सैनिक तिथे मृत्युमुखी पडले, बरेचसे हेलमंड प्रांतात. ब्रिटनचे 457, कॅनडाचे 158. हल्ला कोपनहेगनवर झाला नव्हता, न्यूयॉर्क-वॉशिंग्टनवर झाला होता. ज्या घरांत त्या शवपेट्या गेल्या, त्यांना “तुम्ही आलातच नाही” असं म्हणायला जीभ कशी रेटते?

सहीचा मुद्दा तर मूळ करार उघडला तरी निकालात निघतो. सगळी मिळून 14 कलमं आहेत, अर्ध्या तासात वाचून होतात. तेराव्या कलमाप्रमाणे नोटीस दिल्यावर वर्षभरानं बाहेर पडता येतं. शिवाय डिसेंबर 2023 च्या अमेरिकी कायद्यानुसार सिनेटच्या दोन-तृतीयांश संमतीशिवाय किंवा काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, कायदा केल्याशिवाय राष्ट्राध्यक्षांना बाहेर पडता येत नाही. तो आणणाऱ्यांत मार्को रुबिओ होते, जे पुढे ट्रम्प यांचेच परराष्ट्रमंत्री झाले.

खरी काळजी वेगळीच आहे. पाचवं कलम प्रत्येक देशाला “आवश्यक वाटेल ती” कृती करायला सांगतं. फौज पाठवलीच पाहिजे, असं त्यात नाही. त्यामुळे राष्ट्राध्यक्षानं करार न मोडता नुसतं “बघू” म्हटलं, तरी रशियाला लागून असलेल्या बाल्टिक देशांची (एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया) झोप उडते. फेब्रुवारी 2024 मध्ये, पैसे न भरणाऱ्या देशांचं रशियानं हवं ते करावं, असं ट्रम्प भर सभेत बोलले. पुढच्या वर्षी हेगच्या नाटो परिषदेत सदस्यांनी 2035 पर्यंत जीडीपीच्या 5 टक्के खर्चाचं वचन दिलं, त्यात हा धसका होता आणि युक्रेनवरचं आक्रमणही.

राहिलं बर्लिन. रशिया आणि जर्मनीच्या मध्ये अख्खा पोलंड आहे, आणि ब्रिटन-फ्रान्सकडे स्वतःची अण्वस्त्रं आहेत. मावशी, पोरीचं सेमिस्टर नीट पुरं होऊ दे. आणि हा मेसेज ज्यांना ज्यांना पुढे पाठवलास, त्यांना निदान त्या 43 जणांबद्दल कळव.