सतराव्या घटनादुरुस्तीने राज्यांचे नेमके काय गेले?

अमेरिकेच्या राजकारणात एक दावा वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो असा : सिनेटर हा राज्याचा वॉशिंग्टनमधला वकील असावा म्हणून १७८७ च्या घटनाकारांनी त्याची निवड राज्यांच्या विधिमंडळांकडे सोपवली होती, १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीने ती थेट मतदारांकडे गेली आणि केंद्रातला राज्यांचा आवाज बंद झाला, केंद्र सरकार बेसुमार फुगले ते त्यामुळेच, विधिमंडळांतील लाचखोरीच्या कथा फुगवलेल्या होत्या, उलट थेट निवडणुकीनेच पैशाचे राज्य आणले, तेव्हा ही दुरुस्ती रद्द करून जुनी पद्धत परत आणावी. जॉर्जियाचे सिनेटर झेल मिलर यांनी २००४ मध्ये तसा ठराव खुद्द सिनेटमध्ये मांडला होता. हे मिलर सिनेटमध्ये पहिल्यांदा आले ते विधिमंडळाच्या निवडीने नव्हे आणि मतदारांच्या मतानेही नव्हे, तर गव्हर्नरांनी रिकाम्या जागेवर केलेल्या नेमणुकीने. या तपशिलाकडे शेवटी यावे लागेल.

घटनाकारांच्या हेतूबद्दलचा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि अर्धे सत्य नेहमीच अधिक तपासून घ्यावे लागते. फिलाडेल्फियाच्या परिषदेत पेनसिल्व्हेनियाच्या जेम्स विल्सन यांनी सिनेटर लोकांनीच निवडावेत असे सुचवले, तेव्हा दहा राज्ये विरोधात गेली आणि त्यांचे स्वतःचे एकच राज्य बाजूने राहिले. केंद्राच्या अतिक्रमणापासून बचाव करण्याचे काही साधन राज्यांच्या विधिमंडळांच्या हाती हवे, असे व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन यांनी त्याच चर्चेत सांगितले होते, हेही नाकारण्याचे कारण नाही. मात्र याच परिषदेने दुसऱ्या हाताने काय काढून घेतले, ते या दाव्यात कधीच सांगितले जात नाही. त्याआधीच्या महासंघाच्या करारानुसार काँग्रेसमधील प्रतिनिधी खरोखरच राज्याचे वकील होते : राज्य त्यांना दरवर्षी नेमत असे, वाटेल तेव्हा परत बोलावू शकत असे, त्यांचा खर्च राज्यच देत असे, आणि मत प्रतिनिधीचे नसून राज्याचे, म्हणजे एका राज्याला एकच असे. नव्या घटनेने सिनेटरला सहा वर्षांची मुदत दिली, परत बोलावण्याची तरतूद काढून टाकली, वेतन केंद्राच्या तिजोरीतून ठरवले आणि प्रत्येक सिनेटरला स्वतंत्र मत दिले. मेरीलँडचे ल्यूथर मार्टिन यांनी नेमक्या याच गोष्टींवर तेव्हा आक्षेप घेतला होता, कारण ज्याचे वेतन आपण देत नाही, ज्याला आपण परत बोलावू शकत नाही आणि ज्याचे मत आपल्या हाती नाही तो वकील कसला, हे त्यांना उघड दिसत होते.

राज्यांचे खरे प्रतिनिधित्व कसे असते हे पाहायचे असेल तर जर्मनीचे बुंडेसराट हे राज्यांचे सभागृह पाहावे. तिथे राज्यांच्या सरकारांतील मंत्रीच सभागृहात बसतात आणि एका राज्याची सगळी मते एकगठ्ठाच टाकावी लागतात. अमेरिकेच्या घटनाकारांपुढे तसा नमुना त्यांच्याच जुन्या करारात तयार होता. त्यांनी तो समजून उमजून बाजूला ठेवला.

विधिमंडळांनी आपल्या सिनेटरांना हुकूम सोडून पाहिले नाहीत असे नाही. जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी अध्यक्ष जेफरसन यांच्या परदेशी व्यापारबंदीला पाठिंबा दिला म्हणून मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने १८०८ मध्ये त्यांचा वारसदार मुदतीच्या पुष्कळ आधीच निवडून ठेवला आणि ॲडम्स यांनी राजीनामा दिला. अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्यावर सिनेटने केलेल्या निषेधाची नोंद पुसण्याच्या बाजूने मत द्या, हा व्हर्जिनियाचा आदेश मानण्याऐवजी जॉन टायलर १८३६ मध्ये पायउतार झाले. पण हे राजीनामे स्वाभिमानाचे होते, सक्तीचे नव्हते. आदेश न मानणाऱ्या सिनेटरला विधिमंडळ काहीही करू शकत नव्हते, आणि कित्येकांनी आदेश मानलेही नाहीत.

याच्या उलट दिशेचा परिणाम मात्र फार खोल झाला, आणि माझ्या मते या सगळ्या वादाचा गाभा तोच आहे. सिनेटर विधिमंडळाच्या ताब्यात आला नाही. विधिमंडळ सिनेटच्या निवडणुकीच्या ताब्यात गेले. इलिनॉयमध्ये १८५८ साली सिनेटच्या एकाच जागेसाठी उभ्या असलेल्या लिंकन आणि डग्लस यांच्या ज्या सात वादसभा झाल्या, त्या ऐकणाऱ्या एकाही माणसाला या दोघांपैकी कोणालाही मत देता येणार नव्हते. मत द्यायचे होते ते स्थानिक आमदाराला. पण प्रचारात रस्ते, शाळा, बँका कुठेच नव्हत्या, गुलामगिरी हा एकच विषय होता. लिंकन यांच्या पक्षाला राज्यात अधिक मते पडूनही विधिमंडळाने ५४ विरुद्ध ४६ मतांनी डग्लस यांना निवडले. ज्याला राज्याचा कारभार म्हणावा त्याचा निकाल ज्या निवडणुकीत लागायचा, ती निवडणूक अशी परस्पर दुसऱ्याच कामाला जुंपली गेली.

पुढे कोंड्या सुरू झाल्या. १८६६ च्या कायद्याने दोन्ही सभागृहांनी वेगवेगळे मतदान करावे, एकमत झाले नाही तर संयुक्त बैठक घेऊन कोणाला तरी बहुमत मिळेपर्यंत रोज मतदान करावे, असा नियम घातला. हेतू चांगला होता, पण परिणाम असा की १८९१ ते १९०५ या काळात वीस राज्यांत अशा ४५ कोंड्या झाल्या. ओरेगॉनमध्ये १८९७ साली सिनेटच्या जागेच्या भांडणापायी कनिष्ठ सभागृहाची रीतसर स्थापनाच होऊ दिली गेली नाही. सगळे अधिवेशन संपले, एकही कायदा झाला नाही. डेलावेअरमध्ये एडवर्ड ॲडिक्स नावाच्या गॅस कंपनीवाल्या धनिकाने सिनेटर होण्याचा असा ध्यास घेतला की त्याच्या समर्थक आणि विरोधकांच्या रस्सीखेचीत एक जागा १८९९ पासून चार वर्षे रिकामी राहिली, आणि १९०१ ते १९०३ या काळात तर या राज्याचा एकही सिनेटर वॉशिंग्टनमध्ये नव्हता. राज्यांचा आवाज बंद होण्याचे याहून शब्दशः उदाहरण सापडणे कठीण आहे, आणि ते दुरुस्तीच्या आधीचे आहे. मिसुरीत १९०५ साली अधिवेशनाची वेळ संपू नये म्हणून भिंतीवरचे घड्याळच बंद पाडण्याची खटपट झाली, शिडीवरून हाणामारी झाली आणि शेवटी शाईच्या दौती घड्याळावर फेकण्यात आल्या.

लाचखोरीच्या कथा फुगवलेल्या होत्या, या म्हणण्यात थोडे तथ्य आहे हे मान्य करतो. १८६६ ते १९०६ या चाळीस वर्षांत सिनेटपुढे लाचखोरीची नऊच प्रकरणे आली, आणि त्या काळच्या मासिकांनी सरसकट सगळ्या सिनेटला चोरांची टोळी ठरवले ते अन्यायाचेच होते. पण जी प्रकरणे सिद्ध झाली त्यांची तऱ्हा पाहावी. मोंटानाचे तांब्याच्या खाणींचे मालक विल्यम क्लार्क यांच्या निवडीच्या वेळी, जानेवारी १८९९ मध्ये, फ्रेड व्हाइटसाइड या आमदाराने विधिमंडळापुढे तीस हजार डॉलरच्या नोटा आणून ठेवल्या आणि त्या मतांसाठी वाटायच्या होत्या असे सांगितले. सिनेटच्या चौकशी समितीने क्लार्क यांची निवड रद्द ठरवण्याची शिफारस केली. त्यावर मतदान होण्याआधीच त्यांनी राजीनामा दिला, गव्हर्नर राज्याबाहेर असल्याची संधी साधून लेफ्टनंट गव्हर्नरांनी त्याच रिकाम्या जागेवर पुन्हा क्लार्क यांनाच नेमले, आणि परतलेल्या गव्हर्नरांनी ती नेमणूक फिरवली. एवढे होऊन १९०१ मध्ये नव्या विधिमंडळाने क्लार्क यांना रीतसर निवडून पाठवलेच. इलिनॉयमध्ये कित्येक महिन्यांच्या कोंडीनंतर १९०९ साली विल्यम लॉरिमर निवडून आले. पुढच्याच वर्षी चार्ल्स व्हाइट या आमदाराने त्या मतासाठी आपल्याला हजार डॉलर मिळाल्याची कबुली शिकागो ट्रिब्यूनमध्ये दिली. सिनेटने आधी लॉरिमर यांना अभय दिले आणि जुलै १९१२ मध्ये त्यांची निवड अवैध ठरवली. थेट निवडणुकीतही पैसा पाण्यासारखा वाहतो, हे कोणी नाकारणार नाही. फरक एवढाच की लाखो मतदारांना विकत घेता येत नाही, त्यांचे मन वळवण्यासाठी खर्च करावा लागतो आणि तो दिसतो. कोंडीत अडकलेल्या विधिमंडळात मात्र पाच-दहा माणसे पुरतात, आणि आपल्याकडे ज्याला घोडेबाजार म्हणतात त्याला नेमकी एवढीच गर्दी सोयीची असते.

केंद्र फुगले ते या दुरुस्तीमुळे, हा मुद्दा तारखांपुढे टिकत नाही. केंद्राच्या हाती सर्वांत मोठे साधन आले ते प्राप्तिकराचे. त्याची सोळावी दुरुस्ती सिनेटने १९०९ मध्ये ७७ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केली, आणि त्यातला प्रत्येक सिनेटर विधिमंडळाने निवडलेला होता. तिला मान्यताही राज्यांच्या विधिमंडळांनीच दिली, तीही सतराव्या दुरुस्तीच्या दोन महिने आधी. आंतरराज्य व्यापाराचे नियमन करणारा १८८७ चा कायदा आणि मक्तेदारीविरोधी १८९० चा कायदा हेही त्याच जुन्या सिनेटचे. आणखी मागे जावे तर १८५० चा पळपुट्या गुलामांचा कायदा आहे, ज्याने उत्तरेकडील राज्यांचे स्वतःचे कायदे आणि न्यायालये तुडवून केंद्राची सत्ता त्यांच्या गावागावांत नेली. राज्यांच्या या तथाकथित रक्षकांनीच तो संमत केला होता. उलट, राज्यांवर पैसे न देता केंद्राने कामे लादू नयेत यासाठीचा १९९५ चा कायदा थेट निवडून आलेल्या सिनेटने ९१ विरुद्ध ९ मतांनी मंजूर केला. राज्यांच्या हिताची आठवण सिनेटरला निवड-पद्धतीमुळे होते की राज्यातील मतदारांच्या दबावामुळे, हे यावरून ज्याचे त्याने ठरवावे.

ही दुरुस्ती राज्यांवर लादली गेली, असाही सूर दाव्यात असतो. लादली कोणी? ३६ राज्यांच्या विधिमंडळांनी तिला मान्यता दिली, तीही मे १९१२ ते एप्रिल १९१३ या अकरा महिन्यांच्या आत. त्याआधीच २९ राज्यांत प्राथमिक (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या) किंवा सार्वत्रिक निवडणुकीत मतदारांचा कौल घेऊन मगच विधिमंडळाने शिक्का मारायचा, अशी रीत पडली होती. ओरेगॉनने तर उमेदवार आमदारांकडून लोकांचा कौल मानण्याची लेखी हमी घेण्याची पद्धत काढली, आणि १९०९ मध्ये रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने डेमोक्रॅट जॉर्ज चेंबरलेन यांना सिनेटर म्हणून निवडले, कारण लोकांनी त्यांना निवडले होते. काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाने, म्हणजे प्रतिनिधिगृहाने, १८९३ पासून पाच वेळा थेट निवडणुकीचा ठराव मंजूर केला होता. अडवणूक होती ती खुद्द सिनेटची. आपला हक्क सोडण्याची घाई विधिमंडळांना एवढी का झाली असावी, याचे उत्तर ओरेगॉन आणि डेलावेअरच्या वाया गेलेल्या अधिवेशनांत आहे.

थेट निवडणुकीच्या बाजूनेही एक कबुली द्यायला हवी. १९१३ मध्ये ज्यांना ‘मतदार’ म्हटले गेले त्यांत दक्षिणेतले बहुसंख्य कृष्णवर्णीय नव्हते आणि बहुतेक राज्यांतल्या स्त्रिया नव्हत्या. मिसिसिपीच्या विधिमंडळाने १८७० च्या दशकात हायरम रेव्हल्स आणि ब्लांच ब्रूस या दोन कृष्णवर्णीयांना सिनेटमध्ये पाठवले होते. मतदारांनी थेट निवडलेला पहिला कृष्णवर्णीय सिनेटर, मॅसॅच्युसेट्सचे एडवर्ड ब्रुक, १९६६ मध्ये आला. पण यात दोष मताधिकार हिरावण्याचा आहे, आणि ज्या मतदारांनी विधिमंडळे निवडली तेही तेच होते.

आज जुनी पद्धत परत आणली तर काय होईल, यासाठी विस्कॉन्सिनचे २०१८ हे एकच वर्ष पुरे आहे. त्या वर्षी राज्याच्या कनिष्ठ सभागृहासाठी डेमोक्रॅटिक उमेदवारांना एकूण मतांपैकी निम्म्याहून अधिक मते पडली आणि ९९ पैकी ३६ जागा मिळाल्या. काही जागा एकतर्फी लढल्या गेल्या हे धरूनही ही तफावत मतदारसंघांच्या सोयीस्कर आखणीशिवाय समजत नाही. त्याच मतदारांनी त्याच दिवशी डेमोक्रॅट टॅमी बाल्डविन यांना सुमारे ११ टक्क्यांच्या फरकाने सिनेटवर निवडले. निवड विधिमंडळाकडे असती तर ती जागा रिपब्लिकनांना गेली असती. राज्याची सीमा कोणालाही हवी तशी वळवता येत नाही, म्हणून सिनेटची थेट निवडणूक या रोगापासून दूर राहते. आणि लहान राज्यांची समानता? तिला दुरुस्तीने हातही लावलेला नाही : २०२० च्या जनगणनेत पावणेसहा लाख वस्तीचे वायोमिंग आणि जवळपास चार कोटींचे कॅलिफोर्निया यांना दोन-दोनच सिनेटर आहेत.

मराठी वाचकाला इथे राज्यसभा आठवणे स्वाभाविक आहे, कारण तिचे बहुतेक सदस्य आमदारच निवडतात. पण त्यामुळे राज्यसभा राज्यांची सभा झाली का? २००३ च्या कायदेदुरुस्तीने उमेदवाराने त्या राज्याचा रहिवासी असण्याची अट काढली, मतदान उघड केले, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दोन्ही बदल वैध ठरवले. आमदार मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवतो, उमेदवार बहुतेकदा दिल्लीत ठरतो. जून २०२२ मध्ये महाराष्ट्रात सहा जागांसाठी सात उमेदवार उभे राहिले तेव्हा पक्षांनी आपापल्या आमदारांना हॉटेलांत नेऊन ठेवले होते, आणि त्या दिवसांत महाराष्ट्राचे दिल्लीतले हित हा विषय कोणाच्या तोंडी नव्हता. आमदारांच्या हाती निवड दिली की ती राज्याच्या हाती जाते हे गृहीतकच यावरून संशयास्पद ठरते. ती पक्षाच्या हाती जाते.

सतराव्या दुरुस्तीतला दुरुस्त करण्याजोगा भाग वेगळाच आहे. जागा मध्येच रिकामी झाली तर विधिमंडळाच्या परवानगीने गव्हर्नरांना तात्पुरती नेमणूक करता येते, आणि झेल मिलर आले ते याच वाटेने. बराक ओबामा अध्यक्षपदी निवडून आल्यावर त्यांच्या सिनेटच्या रिकाम्या जागेचा सौदा करण्याच्या आरोपावरून इलिनॉयचे गव्हर्नर रॉड ब्लागोयेविच यांना डिसेंबर २००८ मध्ये अटक झाली आणि पुढे शिक्षाही झाली. लॉरिमर यांचे इलिनॉय ते हेच, आणि ज्या फटीतून हा सौदा शिरू पाहत होता ती फट मतदारांना बाजूला ठेवणारी होती.