‘१७ केसेस ढापल्या’ या अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

नमस्कार.

तुम्ही आमच्याकडे .३५ व्हेलन या रायफल काडतुसाच्या वापरलेल्या केसेस, म्हणजे रिकामी पितळी नळकांडी, धुऊन, तपासून पुन्हा मापात आणायला दिल्या होत्या. उशीर, दर, डाग आणि कमी आलेल्या केसेस यांबद्दलचा तुमचा अभिप्राय वाचला. एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचा रायफल हंगाम ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतो. ऐन त्याच्या तोंडावर तुम्हाला थांबावं लागलं, हेलपाटे पडले, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. तुम्ही मराठीत लिहिलंत म्हणून उत्तरही मराठीतच देतो. कोलोरॅडोत आपली माणसं मोजकी आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी ते वाचलं असणार.

दराबद्दल, डागांबद्दल खाली लिहितो. पण “.३५ व्हेलनच्या शंभर केसेस दिल्या, त्र्याऐंशी परत आल्या, सतरा ढापल्या, मराठी माणूसच मराठी माणसाला लुबाडतो” हे वाक्य फार लागलं. वापरलेल्या सतरा पितळी केसेसचे भंगारात चहापुरतेही पैसे येत नाहीत. त्या सतराच्या सतरा तुमच्या नावाच्या पिशवीत काउंटरवर ठेवलेल्या आहेत. बिलाच्या मागे तसं लिहूनही दिलं होतं.

त्या का काढल्या ते सांगतो. एकीचा प्रायमर (बुडातली ठिणगी पाडणारी टोपी) बर्डन पद्धतीचा होता. आत मधोमध एक भोक असण्याऐवजी दोन लहान भोकं, त्यामुळे जुना प्रायमर काढणारी डीकॅपिंग पिन तुटते. तीन केसेसचे प्रायमर पॉकेट (प्रायमर बसतो ते खळगे) सैल झाले होते, नवा प्रायमर अंगठ्याच्या जोराने आत जात होता. दोघींच्या नेकला, म्हणजे गोळी धरणाऱ्या तोंडाला, उभी चीर होती. उरलेल्या अकरा सर्वात धोक्याच्या. त्यांच्या बुडापासून साधारण पाव इंचावर, जिथे जाड बूड संपून पातळ भिंत सुरू होते, तिथे भिंत आतून झिजून खोबण पडली होती. बाहेरून तिथे चकाकती रेघ दिसते, पण नुसत्या रेघेवर आम्ही केस बाद करत नाही, कारण केस दाबून मापात आणणाऱ्या साइझिंग डायच्या (साच्याच्या) तोंडानेही तशीच रेघ उमटते. पेपरक्लिप सरळ करायची, टोक काटकोनात वाकवून घासून टोकदार करायचं आणि केसच्या आत बुडापासून वर ओढत आणायचं. खोबण असेल तर टोक अडकतं. अकराही केसेसमध्ये अडकलं. त्यातली एक उभी चिरून पिशवीत ठेवली आहे, भिंत किती उरली ते डोळ्यांनी बघा. साठ हजार पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) घरातल्या दाबाला अशी केस तिथून तुटली, तर गरम वायू काडतूस मागून बंद करणाऱ्या बोल्टमधून मागे, तुमच्या चेहऱ्याकडे येतो. केसचा पुढचा भाग चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतूस बसण्याच्या जागेत, अडकून राहतो आणि दुसरं काडतूस आत जात नाही. अशा केसेस परत डब्यात घालून तुम्हाला द्यायला आमचा हात धजला नाही, आणि धजणारही नाही.

आता उशीर. काम देताना फॉर्मवर तुम्ही “सर्व केसेस एकाच रायफलीत उडवलेल्या” यावर खूण केली होती. प्रायमर काढून कंपॅरेटर या मापयंत्रावर मापलं तर शोल्डरच्या (नेकखालच्या उताराच्या) मापाचे सरळ दोन गट निघाले, फरक सात थाऊ, म्हणजे इंचाचे सात हजारांश. एका चेंबरमधून असा फरक येत नाही. म्हणून तुमच्याच रायफलीत उडवलेल्या तीन केसेस नमुन्याला मागितल्या. त्या हातात पडेपर्यंत आठवडा सरला होता. तोवर डाय लावायचा कोणत्या मापाने? केस धरणाऱ्या शेल होल्डरला डाय टेकवून आणखी पाव फेरा खाली, हा डायच्या डब्यातल्या चिठ्ठीवरचा नियम लावला असता तर काम एका संध्याकाळीच झालं असतं. पण त्या अकरा केसेस बहुधा त्याच नियमाने खराब झाल्या आहेत. .३५ व्हेलन म्हणजे .३०-०६ची केस, नेक .३५८ इंचाच्या गोळीसाठी रुंदावलेली. त्यामुळे शोल्डर अगदी नावापुरता उरतो, आणि केस चेंबरमध्ये टेकते ती त्या शोल्डरवरच. तोच गरजेपेक्षा मागे ढकलला की फायरिंग पिनच्या ठोक्याने केस पुढे सरकते, पुढची भिंत चेंबरला घट्ट धरते आणि बूड बोल्टपर्यंत मागे ताणलं जातं. दर खेपेला थोडं थोडं. तुमची रायफल लांब चेंबरची आहे, म्हणून तिथे हे लवकर होतं. आम्ही शोल्डर तुमच्या नमुन्यापेक्षा फक्त दोन थाऊ मागे नेला आहे.

दुसऱ्या रायफलीतल्या केसेस तुमच्या चेंबरला आखूड पडत होत्या. त्या बाद न करता नेक आधी .३७५ इंचापर्यंत फुगवली, मग .३५ व्हेलनच्या डायमध्ये थोडी थोडी उतरवत नवा शोल्डर तयार केला. “बोल्ट जड लागतो” अशी जी तक्रार आहे, ती याच केसेसची. तो किंचित दाब मुद्दाम ठेवलेला आहे, एकदा उडवल्यावर जातो. त्यांच्या पिशवीवर पांढरी चिठ्ठी आहे. नेकवरचे निळसर डाग जळाल्याचे नाहीत. फुगवण्याआधी नेक आणि शोल्डर तापवून मऊ केले, नाहीतर चिरा पडतात. बुडाला आच लागू दिलेली नाही, ते कडकच राहायला हवं.

दराचं म्हणाल तर धुणं आणि तपासणी शंभराची धरली, कारण ती शंभराची झाली. साइझिंग त्र्याऐंशीचंच लावलं आहे. नवा शोल्डर करण्याचे पैसे लावलेलेच नाहीत. बिल पुन्हा एकदा बघावं ही विनंती. आणि “भरूनही दिली नाहीत” यावर एवढंच, की भरलेली काडतुसं बनवून विकायला फेडरल परवाना लागतो, तो आमच्याकडे नाही. हे काम घेतानाच सांगतो.

यापुढे बाद केसेसचं सगळं आणखी ठळकपणे सांगायचा आणि फोन लवकर करायचा प्रयत्न करू.

शिकारीला जाताना पांढऱ्या चिठ्ठीच्या केसेस नेऊ नका, त्या आधी रेंजवर उडवून घ्या. भरण्यापूर्वी प्रत्येक रिकामी केस तुमच्याच रायफलीच्या चेंबरमध्ये घालून बोल्ट बंद होतो का बघा, लांबी २.४९४ इंचाच्या वर जाऊ देऊ नका. घरच्या डायला तो पाव फेरा पुन्हा देऊ नका. आणि ती दुसरी रायफल ज्यांची असेल त्यांना यातली एकही देऊ नका. त्यांच्या चेंबरला या लांब पडतील, आणि बोल्ट जोर लावून बंद करायचा नसतो. पिशवी काउंटरवर आहे, दुकान उघडं असताना कधीही घेऊन जा.