पेपर असलेले पिल्लू डोळे मिटून घ्यावे का?

जातिवंत कुत्रा घेऊ पाहणाऱ्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून एक संदेश सतत पुढे ढकलला जातो. त्याचा मतितार्थ असा की, केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) पेपर, म्हणजे वंशावळीची नोंदपत्रे, आणि मायक्रोचिप असलेले पिल्लू शंभर टक्के शुद्ध आणि निरोगी असते, त्यामुळे ते डोळे मिटून घ्यावे. ते जितके लहान असेल तितका लळा अधिक. लसीचे कार्ड पाहिले की काळजी मिटली. गोल पोट, तोंडातला काळा टाळू आणि मागच्या पायाची जादा नखी या अस्सलपणाच्या खुणा. पिल्लांची आई पाहण्याचा हट्ट धरू नये. दुर्मीळ रंगाला जास्त पैसे मोजावे लागणारच. आणि बजेट कमी असेल तर तेच पिल्लू विनापेपर मागावे. हा संदेश लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाही असेल, परंतु त्याचा परिणाम असा होतो की खरेदीदार पिल्लाऐवजी फाइल तपासून घरी येतो. म्हणून त्यातले एकेक विधान घेऊन उत्तर देत आहे.

पहिले विधान पेपरांचे, आणि सगळी गफलत तिथेच आहे. केनेल क्लब ऑफ इंडिया, म्हणजे चेन्नईत मुख्यालय असलेला केसीआय, हा नोंदणी करणारा क्लब आहे. कुत्री व्यायली की ब्रीडर आई कोण, बाप कोण, जन्मतारीख कोणती आणि पिल्ले किती हे क्लबला कळवतो, आणि साधारणपणे त्याच्या या निवेदनावर वेताची नोंद होते. म्हणजे पेपर वंशावळ सांगतो, तीही ब्रीडरच्या शब्दावर विसंबून. पिल्लाच्या खुब्याचे, डोळ्यांचे किंवा हृदयाचे काय, याविषयी तो चकार शब्द काढत नाही. अमेरिकन केनेल क्लबने तर आपल्या नोंदणी प्रमाणपत्रावरून कुत्र्याचा दर्जा किंवा आरोग्य यांचा कोणताही अर्थ काढू नये, असे स्वतःच स्पष्ट केलेले आहे. प्रामाणिक ब्रीडरच्या हातचा पेपर मोलाचा असतो हे मान्य. पण तिथे मोल ब्रीडरच्या प्रामाणिकपणाचे आहे, आणि तो कागदावर छापून येत नाही.

लॅब्रॅडोर आणि जर्मन शेफर्ड या आपल्याकडे भरपूर विकल्या जाणाऱ्या दोन जातींत हिप डिस्प्लेशिया, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा आनुवंशिक विकार, ठळकपणे आढळतो. आठ आठवड्यांच्या पिल्लाकडे पाहून तो ओळखता येत नाही. त्यासाठी त्याच्या आईबापांचे एक्स-रे लागतात, आणि तेही ते पुरेसे वाढल्यावर काढलेले. अमेरिकेतील ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर अ‍ॅनिमल्स ही संस्था दोन वर्षे पूर्ण झाल्याखेरीज अंतिम श्रेणी देत नाही. आईबाप दोघेही निर्दोष असले तरी पिल्लाला हा विकार होणारच नाही, अशी हमी मिळत नाही. शक्यता मात्र घटते. त्यामुळे ‘पेपर आहेत का?’ याच्या बरोबरीने ‘दोघांच्या खुब्यांचे एक्स-रे रिपोर्ट आहेत का?’ हा प्रश्न विचारावा. ज्याने ते काढलेले असतात तो अभिमानाने दाखवतो. ‘आमच्या लाइनमध्ये असलं काही नसतं’ हे उत्तर मिळाले, तर तपासणी झालेली नाही असे समजून चालावे.

पेपरचा एक खरा उपयोग आहे, आणि नेमका तोच या संदेशात नाही. वंशावळीच्या तक्त्यात आईकडची आणि बापाकडची नावे समोरासमोर ठेवून वाचावीत. एकच नर दोन्ही बाजूंना आजोबांच्या रकान्यात दिसला, तर पिल्लाचे आईबाप सावत्र भावंडे आहेत, आणि अशा संबंधातील अंतःप्रजननाचा गुणांक (जवळच्या नात्यामुळे पिल्लात जनुकांच्या जोड्या एकसारख्या येण्याची शक्यता) १२.५ टक्के भरतो. सख्ख्या भावंडांत तो २५ टक्के होतो. अनुभवी ब्रीडर कधी कधी जाणूनबुजून जवळच्या नात्यात मेटिंग करतात, पण मग त्यामागचे कारण त्यांना सांगता आले पाहिजे. ज्याला स्वतःच्या तक्त्यातली ही पुनरावृत्ती ठाऊकच नाही, त्याच्या ‘शुद्ध ब्लडलाइन’चे कौतुक कशाला करायचे?

याला जोडूनच एक गल्लत सर्रास होते. केसीआयची नोंदणी ही कुत्र्याची असते, आणि क्लब हा सरकारी विभाग नव्हे. ब्रीडरची सरकारी नोंदणी ही निराळी गोष्ट आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली २०१७ मध्ये कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांविषयीचे नियम लागू झाले, आणि त्यांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. मादी अठरा महिन्यांची होण्याआधी तिची पैदास करता येत नाही, वर्षातून एकाहून अधिक वेत घेता येत नाही आणि तिच्या आयुष्यात पाचाहून अधिक वेते घेता येत नाहीत. केसीआयच्या पेपरांची जाडजूड फाइल पुढे सरकवणाऱ्याला मंडळाचे प्रमाणपत्र मागून पाहावे. पुष्कळदा पहिली चुळबुळ तिथे होते.

मायक्रोचिपबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. ती तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि तिच्यात पंधरा अंकी क्रमांकाखेरीज काहीही नसते. तिच्यावरून पिल्लू हरवल्यास नकाशावर सापडत नाही. तो क्रमांक पेपरवरील क्रमांकाशी जुळला तरच तिचा उपयोग, आणि ते स्कॅनर फिरवल्याशिवाय कळत नाही. पैसे पूर्ण देण्याआधी ब्रीडरकडे किंवा जवळच्या पशुवैद्याकडे पिल्लू स्कॅन करून घ्यावे. पेपरला चिकटवलेला बारकोडचा स्टिकर म्हणजे पिल्लाच्या कातडीखालची चिप नव्हे.

‘जितके लहान तितका लळा’ हे विधान मात्र नुसते चूक नाही, ते पिल्लाच्या जिवावर बेतणारे आहे. तीस-पस्तीस दिवसांचे पिल्लू विकायचे असेल तर विक्रेत्याला ते सोयीचे असते, कारण पिल्लांच्या खाण्याचा, लसींचा आणि साफसफाईचा खरा खर्च त्यानंतर सुरू होतो. पिल्लू मात्र त्या वयात आई आणि भावंडे यांच्याशी दंगा करताना चावा किती जोराचा झाला की समोरचा केकाटतो आणि खेळ थांबतो, हे शिकत असते. हे शिक्षण अर्धवट राहिलेले पिल्लू पुढे घरातल्या लहान मुलांच्या हातांवर ते पुरे करते. माणसांची, आवाजांची आणि नव्या जागांची ओळख होण्याचा काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत असतो, तेव्हा आठव्या आठवड्यात घरी आणलेल्या पिल्लाचा लळा लागायला भरपूर अवधी उरतो. २०१७ च्या नियमांतही आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकायला मनाई आहे.

हे सर्वांना माहीत होऊ लागल्यामुळे आता वय फुगवून सांगण्याची पद्धत रुळली आहे. त्यावर उपाय आहे, तो म्हणजे पिल्लाचे तोंड उघडून पाहणे. पुढचे दुधाचे दात आणि सुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास फुटतात, त्यांच्यामागच्या दाढा त्यानंतर चौथ्या ते सहाव्या आठवड्यात येतात, आणि आठव्या आठवड्याच्या आसपास दुधाचे सगळे अठ्ठावीस दात दिसतात. साठ दिवसांचे म्हणून पुढे केलेल्या लॅब्रॅडोरच्या पिल्लाच्या गालात बोट घातल्यावर मागे नुसती मऊ हिरडी लागत असेल, तर जन्मतारीख पुन्हा विचारावी. अगदी लहान चणीच्या जातींत दात थोडे उशिरा येतात, एवढी सवलत द्यावी.

लसीच्या कार्डाबाबत संदेशातले ‘काळजी मिटली’ हे शब्द अनेक घरांत रडारड करवतात. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिकारद्रव्ये पिल्लाचे रक्षण करतात, पण तीच लसीलाही निष्प्रभ करतात; ती कुठल्या पिल्लात सहाव्या आठवड्यात ओसरतील आणि कुठल्या पिल्लात पंधराव्या, हे बाहेरून कळत नाही. म्हणून सहाव्या ते आठव्या आठवड्यात पहिली मात्रा देऊन पुढे दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, पिल्लू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत, लस पुन्हा पुन्हा दिली जाते. आठ आठवड्यांच्या पिल्लाला ‘फुल व्हॅक्सिनेटेड’ म्हणून विकणारा एकतर अडाणी असतो किंवा लबाड. कार्डावर लसीच्या बाटलीवरून काढलेला, बॅच क्रमांक असलेला स्टिकर, तारीख आणि पशुवैद्याची नोंदणी क्रमांकासह सही असावी. सगळ्या तारखा एकाच शाईने, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या दिसत असतील तर कार्डावरच्या डॉक्टरांना फोन करावा. पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांना होणाऱ्या जीवघेण्या विषाणुजन्य रोगाची, लक्षणे लागण झाल्यावर साधारण तीन ते सात दिवसांनी, कधी त्याहून उशिरा दिसतात, त्यामुळे शनिवारी बागडणारे पिल्लू गुरुवारी रक्ताची हगवण लागून सलाइनवर असणे यात आश्चर्य काही नाही. त्यात भर म्हणजे हा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून ‘आधीची दोन पिल्ले गेली, हे मात्र कणखर आहे’ असे सांगणाऱ्या केनेलमधून आहोत तसे बाहेर पडावे.

आता अस्सलपणाच्या खुणा. काळा टाळू हा केवळ रंगद्रव्याचा प्रश्न आहे आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांतही तो सहज आढळतो. मागच्या पायाच्या जादा नखीचेही तेच; ब्रियार, बोसरॉन अशा मोजक्या जातींच्या मानकांत, म्हणजे जात कशी असावी याच्या ठरवून दिलेल्या वर्णनांत, दुहेरी नखी आवश्यक आहे, पण आपल्या बाजारात ती जर्मन शेफर्डच्या नावाने खपवली जाते. गोल पोटाची गोष्ट अधिक गंभीर आहे. बरगड्या हाताला टोचत आहेत, केस निस्तेज आहेत, आणि पोट तेवढे टम्म फुगून ताणलेले आहे, असे पिल्लू गुबगुबीत नसते, त्याच्या पोटात जंत असतात. गोल जंतांची लागण पिल्लाला आईच्या पोटातच होऊ शकते आणि आकडेकृमी दुधातून येतात, म्हणून जंताचे औषध दुसऱ्या आठवड्यापासून सुरू करावे लागते. ते कधी आणि कोणते दिले, याची नोंद मागावी. पिल्लू हातात आलेच आहे तर शेपटीखालचे केस विष्ठेने चिकटलेले आहेत का, बेंबीपाशी मऊ गाठ लागते का, आणि नर असेल तर दोन्ही वृषणे खाली उतरली आहेत का, हेही पाहावे. ‘पंच फेस’ (चपटा चेहरा) आणि ‘हेवी बोन’ (जाड हाडे) हे विक्रेत्यांचे शब्द ऐकून घ्यावेत आणि सोडून द्यावेत.

‘आई पाहण्याचा हट्ट धरू नये, ती अनोळखी माणसाला पाहून बिथरते’ हे विधान ज्याने पहिल्यांदा पसरवले त्याचा बहुधा त्यात फायदा होता. पहिल्या काही दिवसांत कुत्री पिल्लांजवळ कोणाला फिरकू देत नाही हे खरे, पण पिल्ले विक्रीयोग्य होतात त्या आठ आठवड्यांच्या सुमारास ती स्वतःच त्यांना कंटाळलेली असते. पिल्लू दाखवायला रस्त्यावर, पेट्रोलपंपावर किंवा गाडीच्या डिकीशी बोलावणारा, अथवा ‘आगाऊ रक्कम टाका, पिल्लू ट्रॅव्हल्सने पाठवतो’ म्हणणारा माणूस नेमकी आईच लपवत असतो, कारण पिल्ले कुठून आली हे तिच्यावरून कळते. काही चलाख विक्रेते दुसरीच एखादी देखणी कुत्री आणून उभी करतात. नुकतीच दूध पाजून मोकळी झालेली आई थोडी उतरलेली असते, तिचे केस गळत असतात, सड लोंबलेले असतात आणि पिल्ले तिला पाहताच त्यांच्याकडे झेपावतात. डौलदार केसांची, चपट्या पोटाची ‘आई’ पिल्लांवर गुरगुरत असेल तर ती त्यांची कोणी लागत नाही. बाप दुसऱ्या गावचा असू शकतो, त्याचे फोटो आणि पेपर पाहून भागते. आईचे तसे भागत नाही. शिवाय ती भित्री आहे की अंगावर येणारी, हे पाहिले म्हणजे पिल्लाच्या स्वभावाचा जो अंदाज येतो, तो कोणत्याही कागदावरून येत नाही.

दुर्मीळ रंगासाठी जादा पैसे मोजणे म्हणजे बहुतेक वेळा मानकाबाहेरच्या कुत्र्यासाठी पैसे मोजणे होय. लॅब्रॅडोरच्या मानकात काळा, पिवळा आणि चॉकलेटी एवढेच रंग आहेत, आणि फ्रेंच बुलडॉगच्या मानकात मर्ल बसत नाही. ठिपक्याठिपक्यांचा हा मर्ल रंग देणारे दोन कुत्रे एकत्र आणले की सरासरी चारातल्या एका पिल्लात ते जनुक दुहेरी येते, आणि अशी पिल्ले अनेकदा बहिरी किंवा आंधळी निघतात. ‘टीकप’ (कपात मावेल एवढा) नावाची कोणतीही जात किंवा उपजात नाही. वेतातले सर्वांत अशक्त पिल्लू सर्वांत महाग विकण्यासाठी तो शब्द कामी येतो.

राहिला तो ‘तेच पिल्लू विनापेपर, स्वस्तात’ हा सल्ला. विनापेपर कुत्रा अशुद्धच असतो असे मुळीच नाही. मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांकडचे कित्येक उत्तम कारवानी जातीचे शिकारी कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या कोणत्याही क्लबच्या दप्तराबाहेर वाढलेले आहेत, आणि तिथे पेपर मागणाऱ्यालाच लोक हसतील. पण शहरातला ब्रीडर एकाच वेतातले एक पिल्लू पेपरसह आणि दुसरे पेपरविना निम्म्या किमतीला देऊ करतो, तेव्हा प्रश्न वेगळा असतो. नोंदणीचा खर्च एवढा मोठा नसतो की किंमत निम्म्यावर यावी. मग एकतर आईची नोंद नाही, किंवा वेते इतकी झाली आहेत की हे वेत दाखवता येत नाही, किंवा नोंद सगळ्या पिल्लांची झालेली असून या पिल्लाचा पेपर ब्रीडरला स्वतःकडे ठेवायचा आहे. तिसरी शक्यता असेल तर वर सांगितलेल्या पहिल्या विधानाचा हिशेबच उलटतो, कारण तो शिल्लक राहिलेला पेपर पुढच्या महिन्यात दुसऱ्याच कोणत्या तरी पिल्लाबरोबर, पूर्ण किमतीला विकला जातो.