लाईट गेल्यावर हातात काय राहतं, मी गेम त्यावरून मोजतो

ग्रुपवर एकानं कुठला कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन) घेऊ असं विचारलं आणि परत तोच वाद सुरू झालाय, सोनीचा पीएस५ (प्लेस्टेशन ५) भारी का मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स भारी, आणि सगळेजण फोरके, फ्रेम रेट, रे ट्रेसिंग, म्हणजे चित्र किती भारी दिसतं, ह्यावरच बोलायलेत. मलाही ते आवडतं, नाही असं नाही. पण माझं मोजमाप वेगळं आहे आणि ते परभणीत वाढल्यामुळं तयार झालंय. खेळता खेळता लाईट गेली तर माझ्याकडं काय उरतं, मी एवढंच बघतो. ज्यांच्याकडं चोवीस तास वीज होती त्यांना हे क्षुल्लक वाटेल, पण ज्यांच्या घरी पेपरात आलेलं लोडशेडिंगचं वेळापत्रक कापून टीव्हीच्या बाजूला चिकटवलेलं असायचं त्यांना लगेच समजेल मी काय म्हणायलोय. गेम बनवणाऱ्यानं आपल्या वेळेची किती किंमत केली हे त्या एका क्षणात कळतं.

मशीन जसजशी आठवतील तसं लिहितो, क्रम वगैरे बघू नका.

कॅसेटवाला टीव्ही गेम आपल्या सगळ्यांचा पहिला. आपल्या बाजारात मिळायचे ते बहुतेक निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉमची नक्कल, मूळ मशीन जपानात १९८३ ला आलेलं. त्यात सेव्ह, म्हणजे जिथवर खेळलो तिथून परत चालू करता येणं, हा प्रकार नव्हता (काही कॅसेटीत बारकी बॅटरी असायची सेव्हसाठी, झेल्डा नावाच्या गेममधे होती, पण तसल्या कॅसेटी आमच्याकडं कुठं आल्या). मारिओ १९८५ चा, अख्खा गेम ४० केबीचा, म्हणजे आज व्हॉट्सॲपवर येणारा गुड मॉर्निंगचा फोटोसुद्धा त्याच्यापेक्षा मोठा असतो. लाईट गेली की सगळं गेलं. पण मारिओ बनवणाऱ्यांनी वॉर्प झोन, म्हणजे मधले वर्ल्ड गाळून पुढं जायचा चोररस्ता, ठेवला होता आणि मला ते आजही फार मोठ्या मनाचं काम वाटतं. १-२ मधे (पहिल्या वर्ल्डची दुसरी लेव्हल) वरच्या विटांवरून पळत शेवटपर्यंत जायचं, तिथनं डायरेक्ट चौथ्या वर्ल्डमधे, मग ४-२ मधे लपलेल्या विटेतून वेल काढायची आणि आठव्यात. हातात फक्त अर्धा तास वीज असलेल्या पोरालाही राजकन्येपर्यंत जाता यायचं. गेम जायचा पण रस्ता बोटांत राहायचा, तो कुणी पुसू शकत नव्हतं.

काँट्रा ह्या गोळीबाराच्या गेमचंही तेच. वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, ही बटणं दाबली की तीस जीव. हा कोड आधी काँट्रा काढणाऱ्या कोनामी कंपनीच्याच ग्रॅडियस गेममधे आला, १९८६ ला, आणि तो टाकला काझुहिसा हाशिमोतो ह्या माणसानं, कारण गेम तपासताना त्याला स्वतःलाच तो इतका अवघड जात होता की पुढं सरकता येईना. काँट्रात आठ स्टेज, दोघं मिळून नीट खेळलं तर अर्ध्या-पाऊण तासात संपतो. मी आणि दादा तो दोन लोडशेडिंगच्या मधल्या वेळात संपवायचो. सेव्ह नसताना गेम छोटा ठेवणं हीसुद्धा खेळणाऱ्याची कदरच आहे, आणि हे आजच्या शंभर-शंभर तासांचे गेम काढणाऱ्यांना कुणीतरी सांगायला पाहिजे.

सेगा कंपनीचं मशीन मी फार खेळलो नाही, त्यावरचा सोनिक जेवढा खेळलो तेवढ्यात डोळे दुखायचे त्याच्या स्पीडनं. बाइक रेसचा रोड रॅश मात्र भारी, पण तो आमच्याकडं सगळ्यांनी कॉम्प्युटरवर, कॅफेत बसून खेळलेला. पुढं.

प्लेस्टेशन १ वर सेव्ह ठेवायला मेमरी कार्ड आलं, १२८ केबीचं, पंधरा ब्लॉकचं. आणि त्याच मशीनवर १९९६ चा रेसिडेंट ईव्हिल आला ज्यात सेव्ह करायला टाइपरायटर शोधायचा, वर शाईची रिबन पाहिजे, ती पण मोजकीच. माझ्या नियमानं ह्या गेमला शून्य मार्क पाहिजेत. पण खरं सांगतो, इतकी भीती मला दुसऱ्या कुठल्या गेमनं घातली नाही, कारण दारामागं झॉम्बी आहे, रिबन एकच उरलीय आणि वेळापत्रकाप्रमाणं सातला लाईट जायचीय, अशी तिहेरी भीती होती. बनवणाऱ्यानं सेव्ह अवघड केलं ते आळसातून नाही, तोच खेळ होता त्याचा. हे मला मान्य आहे. मला राग येतो तो उगीचच सेव्ह न देणाऱ्यांचा. मारामारीच्या टेकन ३ बद्दल काय लिहायचं, त्यात सेव्हचा प्रश्नच नाही, तीन राउंडात निकाल, हरलेल्यानं रिमोट पुढच्याला द्यायचा. लाईटच्या तुटवड्यात ह्याच्यापेक्षा शहाणा गेम झाला नाही.

मग पीएस२. हा माझा खरा कन्सोल. मामांनी सिकंदराबादच्या सीटीसीतनं (इलेक्ट्रॉनिक्सचं मार्केट) सेकंडहॅण्ड आणला होता, देवगिरी एक्सप्रेसनं, मांडीवर ठेवून. आपल्या भागातल्या लोकांना माहितीय, पुणे-मुंबईपेक्षा हैदराबाद आपल्याला जवळचं, इलेक्ट्रॉनिक्स घ्यायचं तर तिकडंच. जगात सगळ्यात जास्त विकलेला कन्सोल आजही हाच आहे, १५ कोटींच्या वर, आणि आपल्याकडं तर तो बाकीच्या जगात पीएस३ आल्यावरसुद्धा कितीतरी वर्षं नवा म्हणूनच विकला गेला. सोनीनं २००९ ला देसी अड्डा नावाचा गेम पण काढला होता त्यावर, कबड्डी, विटीदांडू, पतंग असलेला. गेम म्हणून तो साधाच होता, पण गेममधी विटीदांडू बघून जो आनंद झाला तो वेगळाच.

पीएस२ चं मेमरी कार्ड ८ एमबीचं. ते कार्ड मी शाळेच्या कंपासपेटीत ठेवायचो. जीटीए सॅन अँड्रियास, २००४ चा, त्यात सेव्ह करायचं तर घरी जावं लागायचं, गेमचा हिरो सीजे, त्याच्या घरात ती फ्लॉपी गोल फिरत असायची, आणि सेव्ह केलं की गेममधले सहा तास निघून जायचे. मिशनच्या मधी सेव्ह नाही. त्या ट्रेनच्या मिशनला, जिथं बाइकवरून ट्रेनचा पाठलाग करायचा, किती पोरांची किती संध्याकाळ गेली असेल. मिशन पास झालं की पैसे, गाड्या, पोलीस सगळं सोडून मी आधी सरळ घरी पळायचो ग्रोव्ह स्ट्रीटला, लाईट जायच्या आत. माझ्या डोक्यात गेममधल्या लॉस सँटोस शहराचा नकाशा जो पक्का बसलाय तो ह्या घरी पळण्यामुळं. गॉड ऑफ वॉरमधे उजेडाचे खांब असायचे सेव्हला, ते बरोबर दमल्यावरच यायचे, त्या माणसांना माणसाचा दम कळत होता असं वाटतं. आणि क्रिकेट ०७! ईए कंपनीचा कन्सोलवरचा शेवटचा क्रिकेट गेम. रिची बेनॉ आणि मार्क निकोलस कॉमेंटरीला. पाच ओव्हरची मॅच लावायची, दोघांची बॅटिंग बसते लोडशेडिंगच्या आधी. बिग अँट कंपनीचे नवे क्रिकेट गेम मी खेळलोय, त्यात खेळाडूंचे चेहरे भारी, शॉट जास्त, पण दोन मित्र बसले आणि लगेच खेळायला लागले हा साधेपणा मला त्यात सापडला नाही. हे माझं मत, बदलणार नाही.

पीएसपी, सोनीचं हातात धरून खेळायचं मशीन, थोडक्यात. बाजूची पट्टी वर सरकवली की मशीन झोपायचं, परत सरकवली की तिथंच जागं व्हायचं. नांदेडपासून परभणीपर्यंत रेल्वेत गॉड ऑफ वॉरचा क्रेटोस खेळायचा आणि स्टेशन आलं की पट्टी वर. एवढ्याशा पट्टीनं माझी अर्धी तक्रार मिटवली होती, आणि मोठ्या कन्सोलवाल्यांना हे नीट जमायला त्याच्यानंतर कितीतरी वर्षं लागली ह्याचं मला अजून नवल वाटतं.

निन्टेन्डोचा वी कन्सोल पुण्यात एका मित्राकडं खेळलो, आईनं त्यावर बोलिंग केली आणि जिंकली, गेम आईला कळला ह्याच्यात सगळं आलं.

पीएस४ वर मी दोन गेमसाठी कायम ऋणी राहीन. एक रेड डेड रिडेम्प्शन २, २०१८ चा, दोन डिस्कांचा. लोक म्हणतात स्लो आहे. आहेच. घोड्याला खरारा करावा लागतो, चारा घालावा लागतो, थंडीत कोट घालावा लागतो. ज्याच्या घरी जनावरं होती त्याला ह्यात कंटाळा येणार नाही, आमच्या आजोबांना खरारा करताना बघितलेलं आहे मी, आणि गेमात तो आवाज जसाच्या तसा ऐकू आला तेव्हा मी रिमोट खाली ठेवून नुसता बघत बसलो होतो. आपोआप सेव्ह होत राहतं, मधी लाईट गेली तर फार मागं जावं लागत नाही. दुसरा अनचार्टेड लॉस्ट लेगसी, २०१७ चा, जो आपल्या सह्याद्रीच्या रांगेत घडतो, खाली कर्नाटकात, होयसळांची देवळं, हळेबिडू, गणपती, परशुराम. दगडातले हत्ती बघितले आणि मला वेरूळचं कैलास लेणं आठवलं, वरून खाली कोरत आणलेलं, एकाच दगडाचं. अमेरिकेत बसून त्या लोकांनी होयसळांवर एवढा अभ्यास केला तर वेरूळवर गेम का नाही? राजी नावाचा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्सनी २०२० ला काढला, तो आधी निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलवरच आला, त्यातली भिंतीवरच्या चित्रांतून गोष्ट सांगायची पद्धत फार सुंदर. लढाई थोडी जड आहे. पण आपल्या इथली पोरं हे करू शकतात हे त्यानं दाखवून दिलं. आता कुणीतरी संभाजीनगरला येऊन वेरूळ नुसतं चालून बघावं, अर्धा गेम तिथंच तयार आहे.

स्विचबद्दल मी पक्षपाती आहे. निन्टेन्डो आपल्याकडं अधिकृत विकत नाही, बाहेरून आलेला घ्यावा लागतो, वॉरंटीचं काही खरं नसतं, गेम महाग. तरी. मार्च २०१७ ला स्विच आणि झेल्डाचा ब्रेथ ऑफ द वाइल्ड एकाच दिवशी आले. लाईट गेली, डॉकमधून (टीव्हीला जोडायचा स्टँड) उचलला, गच्चीवर गेलो, खेळ चालू. पुस्तकात खूण घालून मिटावं तसा तो मिटतो. त्या झेल्डात तर जवळपास कुठंही सेव्ह होतं. मराठवाड्यासाठी मुद्दाम बनवलाय का काय असं वाटावं इतका तो आपल्या जगण्यात बसतो.

एल्डन रिंग वेगळंच प्रकरण आहे. त्यात पॉजचं बटनच नाही, आईनं हाक मारली तर मरायचं. पण गेम क्षणाक्षणाला स्वतः सेव्ह करतो, लाईट गेली तर परत आल्यावर जवळपास तिथंच उभे असता. म्हणजे माणसाला पॉज नाही पण वीज गेलेल्याला माफी. मला हे आवडलं.

आता पीएस५ आणि एक्सबॉक्स, ज्याच्यावरून हा वाद चालू झाला. पीएस५ चा रिमोट ही खरी क्रांती आहे, ॲस्ट्रोचा फुकट येणारा गेम खेळून बघा, वाळूत चालणं वेगळं लागतं आणि काचेवर वेगळं. पण रेस्ट मोडमधे, म्हणजे मशीन झोपवून, ठेवलेला गेम लाईट गेली की जातो, शेवटच्या सेव्हपासून परत सुरू. एक्सबॉक्स सिरीजमधे क्विक रिझ्यूम आहे, तो गेमची सगळी स्थिती एसएसडीवर (आतली कायमची साठवण) लिहून ठेवतो, प्लग काढला तरी परत तिथंच उघडतो, एक नाही तीन-चार गेम एकदम. ऑनलाइन गेमला हे चालत नाही, पण एकट्यानं खेळायच्या गेमला चालतं. ग्रुपवर एकानंही ह्याचा उल्लेख केला नाही म्हणून मी एवढं लिहायलोय. आणि इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर बघा, पीएस५ मोठा गेम चालू असताना २०० वॅटच्या आसपास ओढतो, वर टीव्ही वेगळा. स्विच डॉकमधे २० च्या आतच. इन्व्हर्टरच्या मागं यूपीएस मोडचं बटन असेल तर ते लावून ठेवा, नाहीतर बदलताना जो झटका बसतो त्यात कन्सोल बंद पडतो आणि इन्व्हर्टर असून नसल्यासारखा.

पण आज लाईटपेक्षा मोठा त्रास नेटचा आहे. एकट्यानं खेळायचा गेम, डिस्क घरात, आणि नेट नाही म्हणून उघडत नाही, हे मला अजिबात पटत नाही. द क्रू नावाचा गाड्यांचा गेम २०१४ ला आला, युबिसॉफ्टनं ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि ज्यांनी डिस्क विकत घेतली होती त्यांचाही गेम कायमचा गेला. ४० केबीचा मारिओ आजही कुणाच्या माळ्यावरच्या मशीनवर चालेल आणि दहा वर्षांपूर्वी पैसे देऊन घेतलेला हा चालणार नाही. लोडशेडिंगमधे निदान लाईट परत यायची. ह्याच्यावरून युरोपात सह्यांची मोहीम झाली, दहा लाखांच्या वर सह्या गेल्या, आणि ती चालू असतानाच त्याच कंपनीनं पुढच्या भागाला ऑफलाइन मोड द्यायचं जाहीर केलं. म्हणजे द्यायचं म्हणलं तर देता येतं! मी आता डिस्कच्या मागचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय घेत नाही, एकट्याचा गेम असून इंटरनेट आवश्यक लिहिलं असलं की परत ठेवतो, कितीही भारी असू द्या.

तर ज्यानं विचारलं होतं त्याला माझं उत्तर, घरी इन्व्हर्टर चांगला असेल आणि बैठक मारून खेळणार असशील तर एक्सबॉक्स सिरीज घे, सोनीचेच गेम पाहिजेत तर पीएस५, आणि गावाकडं येणं-जाणं असेल तर डोळे झाकून स्विच. स्टीम डेक (कॉम्प्युटरचे गेम हातात धरून खेळायचं मशीन) मी अजून हातात घेतलेला नाही, परभणी-हिंगोली-नांदेडकडं कुणी वापरत असेल तर खाली लिहा, झोपवून ठेवला तर बॅटरी किती टिकते आणि उन्हाळ्यात ४४ डिग्रीला तापतो का हे मला पाहिजे.